निवेदक नसलेली डॉक्युमेंट्री

मे महिन्यात नागपुरात दुपारी घराबाहेर पडायची सोयच नसते, म्हणून ब्राझीलचा फॉर्म्युला वन रेसर आयर्टन सेन्ना याच्यावरची आसिफ कपाडियाची २०१० ची डॉक्युमेंट्री लावून बसलो. या पिक्चरमध्ये निवेदक नाही, खुर्चीत बसून ज्ञान देणारे तज्ज्ञ दिसत नाहीत, सगळं जुनं खरं फुटेज आणि वरून नुसते आवाज. लोचा नेमका तिथेच झाला, कारण आईला, मामाला आणि आमरसाची वाटी परत द्यायला येऊन तिथेच टेकलेल्या शेजारच्या काकूंना सगळं सांगायचं काम माझ्याकडे आलं, त्यात सबटायटल इंग्रजी आणि कूलर एवढा फुल की सेन्नाच्या गाडीचं होंडा इंजिन कोणतं नि कूलर कोणता तेच कळेना, आणि कूलर बंद करू का विचारायची हिंमत मे महिन्यात कोणात असते!

मोनॅकोची शहरातल्या रस्त्यांवरची रेस लागली तेव्हा काकू म्हणाल्या, "एवढ्याशा गल्लीत पळवतात? इतवारीत पळवून दाखवा म्हणा." सहा वेळा जिंकलाय हो सेन्ना तिथे, पण जाऊ द्या.

मग १९९१ ची ब्राझीलची रेस. आपल्या देशात पहिल्यांदाच जिंकतोय, गिअरबॉक्स गेलेला, शेवटी सहावा एकच गिअर उरलेला, नंतर हात इतके आखडलेले की ट्रॉफी उचलवेना. माझ्या अंगावर काटा, आणि मामा म्हणतो, "त्यात काय बे, मी बुटीबोरीहून स्कूटर थर्डवर आणली होती." ती स्कूटर चौकाचौकात थांबत सीताबर्डीला पोचेपर्यंत इकडे सेन्ना तिसऱ्यांदा वर्ल्ड चॅम्पियन होऊन गेला.

इटलीतलं इमोला, १९९४, सेन्ना गेला ती रेस. आदल्या दिवशी तिथेच रॅट्झेनबर्गर हा दुसरा ड्रायव्हर अपघातात गेला हे कळल्यावर आई एवढंच म्हणाली, "मग दुसऱ्या दिवशी रेस ठेवलीच कशाला?" काय सांगणार.

सेन्नाच्या अंत्ययात्रेत त्याचा कट्टर प्रतिस्पर्धी प्रॉस्ट खांदा देताना दिसला आणि मामा उठूनच बसला. "ज्याले ठोकलं थोच खांदा देते?" म्हणून परत जपानच्या सुझुकाच्या रेस सांगणं आलं, १९८९ ला दोघं भिडले नि टायटल प्रॉस्टला गेलं, १९९० ला सेन्नानं पहिल्याच वळणावर ठोकलं, आणि मुद्दाम ठोकलं हे वर्षभरानं स्वतःच कबूल केलं.

"वर्षभरातच?" मामा म्हणाला. "तुह्या काकानं माह्या गाडीले डेंट मारला, थो तर अजून नाई म्हणते."

"डेंट आधीपासून होता," आई म्हणाली.