पैसे घेणाऱ्याची उलटतपासणी

मी हाताने बांधलेल्या वह्या विकतो. कार्डाने ऑनलाइन पैसे भरण्याची सोय नाही म्हणून ग्राहक परत जाऊ लागले, तेव्हा मी एका पेमेंट गेटवेकडे, म्हणजे ग्राहकाच्या कार्डातले पैसे विक्रेत्यापर्यंत पोहोचवणाऱ्या सेवेकडे, अर्ज केला आणि पैसे देणाऱ्यापेक्षा घेणाऱ्याचीच चौकशी अधिक कसून होते, हे अनुभवले. ओळखपत्र, बँक खाते, पत्ता येथवर ठीक होते. ‘दरमहा अपेक्षित उलाढाल’ या रकान्यापाशी मात्र मी अडखळलो, कारण खरा आकडा लिहावा तर हा व्यवसायच नव्हे असे वाटावे आणि मनातला लिहावा तर पोलीस यावेत. मग संकेतस्थळावर परताव्याचे धोरण हवे, असे कळवण्यात आले. एक पैसाही हाती आलेला नसताना तो परत कसा करीन, यावर मी पानभर मजकूर लिहिला.

कार्डाचे नंबर स्वतःकडे ठेवण्याची हौस मात्र कोणी बाळगू नये. कार्ड कंपन्यांच्या पीसीआय डीएसएस या 2004 सालापासूनच्या सुरक्षानियमांनुसार, व्यवहार मंजूर झाल्यावर विक्रेत्याला सीव्हीव्ही, म्हणजे कार्डावरचा छोटा सुरक्षा क्रमांक, सांकेतिक रूपातही साठवता येत नाही. गेटवेचेच पेमेंट पान वापरले, तर नंबर आपल्या संकेतस्थळाला शिवत नाही आणि या नियमांच्या पालनाबाबतची वार्षिक स्वयंमूल्यांकनाची प्रश्नावली आखूड होते; आखूड म्हणजे एकाच बैठकीत डोके दुखेल इतकी.

सुखाचा काळ चाचणीचा. कार्डाचा नंबर म्हणून 4 नंतर पंधरा वेळा 1 दाबून मी स्वतःच्याच वह्या मनसोक्त विकत घेतल्या. कार्डाच्या नंबरात अंकांची चूक नाही ना हे पाहणाऱ्या, आयबीएममधील हान्स पीटर लून यांच्या अंकपडताळणीत हा नंबर चोख उतरतो. त्यामागे पैसा नसतो एवढेच.

खऱ्या व्यवहारात मंजुरी क्षणात मिळते, रक्कम मात्र काही दिवसांनी येते, तीही टक्केवारी आणि वर प्रत्येक व्यवहारामागचे ठरावीक शुल्क कापून. त्यामुळे सर्वांत स्वस्त वही मी आता जोडीनेच विकतो.

एवढ्यात चार्जबॅक, म्हणजे ग्राहकाने बँकेमार्फत केलेली पैसे परत घेण्याची मागणी, आला. कार्डाच्या हिशेबपत्रकावर दुकानाऐवजी माझे नोंदणीकृत नाव पाहून एका ग्राहकाने, हा कोण गृहस्थ माझे पैसे घेऊन गेला, अशी बँकेकडे तक्रार केली होती. निकाल काहीही लागो, तक्रारीचे शुल्क माझ्याच माथी होते. शिवाय माल पोहोचल्याचा पुरावाही मीच द्यायचा होता. सुदैवाने त्या ग्राहकाने मलाही खरमरीत पत्र लिहून त्याचा फोटो पाठवला होता, आणि ते पत्र माझ्याच वहीत लिहिलेले होते. तो फोटो मी बँकेला सादर केला.