‘हेजहॉगला हात लावू नका, निसर्ग बघून घेईल’ : या मेसेजला मुद्देसूद उत्तर

ऑक्टोबर लागला की ब्रिटनमधल्या मराठी ग्रुपांवर हेजहॉग या अंगभर काटे असलेल्या छोट्या जंगली प्राण्याबद्दल एक मेसेज फिरायला लागतो. त्याचा सारांश असा: ‘बागेत हेजहॉग दिसला तर हात लावू नका. जंगली प्राणी उचलणं हा गुन्हा आहे. दिवसा दिसला तर तो ऊन खात बसलेला असतो. भुकेला वाटला तर बशीत दूध-पाव ठेवा. अंगावर पिसवा असतात, त्या घरात शिरतात. आजारी असेल तर निसर्गाला त्याचं काम करू द्या, दुबळे जगवून जात बिघडते. रेस्क्यूवाले नेतात ते मरतातच आणि सोडले तरी जगत नाहीत.’

मी इंग्लंडच्या मध्यभागातल्या, म्हणजे मिडलंड्समधल्या एका छोट्या हेजहॉग रेस्क्यूत, म्हणजे आजारी-जखमी हेजहॉग बरे करून परत सोडणाऱ्या केंद्रात, मदतीला जाते. या देशात अशी बरीच केंद्रं कुणाच्या तरी घरामागच्या शेडमध्ये, स्वयंसेवकांच्या जिवावर चालतात. तिथे येणाऱ्या प्राण्यांपैकी कितीतरी ‘काल सकाळपासून इथेच पडून होता’ या वाक्यासोबत येतात. तो एक दिवस वाया गेलेला असतो, आणि पुष्कळदा तोच महागात पडतो. म्हणून या मेसेजमधलं एकेक वाक्य घेऊन बोलायचं आहे.

पहिला मुद्दा कायद्याचा. ही भीती आपण भारतातून सोबत आणतो, आणि तिथे ती रास्तही आहे. महाराष्ट्रात जखमी जंगली प्राणी सापडला तर वनखात्याला कळवायचं असतं, स्वतः घरी ठेवायचा नसतो. ब्रिटनमध्ये मात्र आजारी किंवा जखमी हेजहॉगला उपचारासाठी उचलायला कायद्याची आडकाठी नाही. बरा झाल्यावर त्याला परत मोकळं सोडणं अपेक्षित असतं. पाळीव म्हणून ठेवून घेणं वेगळं, आणि ते करूच नये. जवळच्या व्हेटकडे, म्हणजे प्राण्यांच्या डॉक्टरकडे नेलात तरी चालतं. जंगली प्राण्याच्या तातडीच्या प्रथमोपचारासाठी ते सहसा पैसे घेत नाहीत.

आता ‘ऊन खातोय’. मेसेजमधलं सर्वांत घातक वाक्य हेच आहे, कारण ऐकायला गोड वाटतं. हेजहॉग निशाचर आहे. निरोगी हेजहॉग दिवसभर पाल्यापाचोळ्याच्या घरट्यात झोपतो आणि अंधार पडल्यावर बाहेर येऊन एका रात्रीत किलोमीटर-दीड किलोमीटर सहज फिरतो. भर दुपारी हिरवळीवर पाय पसरून पडलेला हेजहॉग ऊन खातो हे खरं, पण ते शरीर आतून गार पडलेलं असतं म्हणून. त्याला स्वतःची ऊब राखता येत नाही, तेव्हा तो उन्हाकडे सरकतो. चालताना झोकांड्या जात असतील, माशा घोंघावत असतील, तर तासांचा हिशोब सुरू झालेला असतो. उन्हाळ्यात माशा अशक्त हेजहॉगच्या जखमांवर, कानांत, डोळ्यांच्या कडांना अंडी घालतात. तांदळाच्या कण्यांसारखे पांढरे पुंजके दिसतात आणि बघता बघता त्यांच्या अळ्या होऊन त्या जिवंत मांस खाऊ लागतात. आम्ही चिमटा आणि मऊ ब्रश घेऊन ती अंडी एकेक करून काढतो. आदल्या दिवशी फोन आला असता तर काढायला काही उरलंच नसतं, असं त्या वेळी दर वेळी वाटतं.

याला अपवाद आहेत, आणि ते माहीत असायला हवेत. उन्हाळ्यात गाभण मादी घरट्यासाठी पानं गोळा करायला दिवसा बाहेर पडते. पिल्लांची आईही थोडा वेळ खायला, पाणी प्यायला निघते. पण या दोघी लगबगीने, ठरलेल्या दिशेने जात असतात. त्यांना अडवू नका, नुसती नजर ठेवा. डोळे न उघडलेली पिल्लं उघड्यावर पडलेली दिसली तर मात्र लगेच फोन करा.

दुसरा अपवाद हिवाळ्यातला. साधारण नोव्हेंबर ते मार्च हेजहॉग शीतनिद्रेत असतो. हृदयाचे ठोके मिनिटाला १९० च्या आसपास असतात, ते विसापर्यंत उतरतात. पाचोळ्याच्या ढिगात घट्ट गोळा होऊन झोपलेला हेजहॉग सापडला तर ढीग होता तसा झाकून ठेवा. ‘हात लावू नका’ हे वाक्य इथे शंभर टक्के बरोबर आहे. पण शीतनिद्रा घरट्यात घेतली जाते. फरसबंदीवर किंवा उघड्या गवतावर निजलेला हेजहॉग शीतनिद्रेत नसतो, तो कोसळलेला असतो.

ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये येणारे बहुतेक लहानगे हे उशिरा जन्मलेल्या वेताचे असतात. त्यांना हिवाळ्यापूर्वी चरबी साठवायला पुरेसे दिवसच मिळत नाहीत. हिवाळ्याच्या तोंडावर साधारण ४५० ग्रॅमपेक्षा कमी वजन भरलं तर रेस्क्यूला विचारायचं, असा इथला ढोबळ नियम आहे. स्वयंपाकघरातला वजनकाटा आणि एक प्लास्टिकचा डबा, एवढ्यात काम होतं.

दूध-पाव. हेजहॉगला दुधातली साखर पचत नाही. भुकेला असला की तो दूध पितो, अगदी आवडीने पितो, आणि मग जुलाब लागतात. आधीच पाणी कमी झालेल्या जिवाला जुलाब म्हणजे काय, हे लहान मूल वाढवलेल्या कुणालाही सांगायला नको. पावाने पोट भरतं, पोषण मिळत नाही. द्यायचंच तर मांसयुक्त मांजराचं किंवा कुत्र्याचं खाणं द्या आणि उथळ बशीत साधं पाणी. दुकानात ‘हेजहॉगसाठी’ म्हणून मिळणारे वाळवलेले मीलवर्म (एक प्रकारच्या अळ्या), शेंगदाणे आणि सूर्यफुलाच्या बिया टाळा. त्यांत फॉस्फरस जास्त आणि कॅल्शियम कमी असतं, त्यावरच वाढलेल्या प्राण्याची हाडं ठिसूळ होतात. दूध ठेवणाऱ्यांचा हेतू चांगला असतो याबद्दल मला जराही शंका नाही. दारात आलेल्या जिवाला दूध देणं आपल्या रक्तात आहे. फक्त या जिवाला ते चालत नाही.

पिसवांचं थोडक्यात. हेजहॉगच्या पिसवांची जात वेगळी असते. त्या एखादवेळी माणसाला किंवा कुत्र्याला चावतील, पण तुमच्या गालिच्यात वस्ती करत नाहीत. कुत्र्या-मांजरांचं पिसवांचं औषध हेजहॉगवर कधीही घालू नका, काही औषधं त्याला मारून टाकतात. खरा जपायचा मुद्दा मेसेजमध्ये नाहीच: हेजहॉगकडून माणसाला गजकर्ण होऊ शकतं, साल्मोनेलाही. म्हणून बागकामाचे जाड हातमोजे घाला आणि नंतर साबणाने हात धुवा. एवढी काळजी पुरते.

आता निसर्गाची निवड. या वाक्याला शहाणपणाचा वास येतो, म्हणून माणसं मान डोलावतात. पण रेस्क्यूच्या टेबलावर काय येतं ते बघा. स्ट्रिमरने, म्हणजे फिरत्या दोरीने गवत कापणाऱ्या यंत्राने, पाठ सोललेली. फुटबॉलच्या जाळीत पाय अडकून सुजलेले. कुत्र्याने चावलेले. सरळ उभ्या कडांच्या तळ्यात पडून, बाहेर पडायला उतारच नाही म्हणून दमलेले. पाच नोव्हेंबरच्या ‘बॉनफायर नाइट’ला पेटवायच्या होळीसाठी रचलेल्या लाकडांत निवारा शोधून भाजलेले. यात निसर्गाने कोणती निवड केली? संकट आलं की हेजहॉग पळत नाही, जागच्या जागी गोळा होतो. अंगावरचे पाचेक हजार काटे कोल्ह्याला थोपवतात. स्ट्रिमरच्या दोरीला आणि गाडीच्या चाकाला थोपवत नाहीत. त्यांच्यापुढे सर्वांत सुदृढ हेजहॉगही दुबळ्याइतकाच असहाय असतो, त्यामुळे ‘दुबळे गळून जातात’ हा युक्तिवाद इथे लागूच पडत नाही. बागेत आपोआप फिरून गवत कापणाऱ्या रोबो-यंत्रांचंही तेच. डेन्मार्कमधल्या संशोधकांनी २०२१ मध्ये अशी यंत्रं मेलेल्या हेजहॉगवर तपासली, तेव्हा एकाही यंत्राला प्राण्याला स्पर्श होण्याआधी तो समोर आहे हे कळलं नाही. ती रात्री चालवू नका, एवढी साधी विनंती आहे.

फुफ्फुसातल्या जंतांसारखे आजार नैसर्गिक आहेत हे मान्य. पण कोरड्या उन्हाळ्यात गांडुळं जमिनीत खोल जातात, बागा फरशीने झाकल्या जातात, भुंगेरे आणि अळ्या कीटकनाशकांनी संपतात. उपाशी शरीरात तेच जंत जीवघेणे ठरतात. २०२० मध्ये ब्रिटनमधल्या सस्तन प्राण्यांच्या लाल यादीत (कोणत्या प्राण्याला नामशेष होण्याचा किती धोका आहे ते सांगणाऱ्या यादीत) हेजहॉगला ‘असुरक्षित’ गटात टाकण्यात आलं. २०२२ च्या देशव्यापी अहवालानुसार ग्रामीण भागात २००० सालापासून त्यांची संख्या ठिकठिकाणी ३० ते ७५ टक्क्यांनी घटली आहे. शहरांत मात्र ती स्थिरावल्याची, कुठे कुठे सावरत असल्याची चिन्हं दिसतात. म्हणजे तुमच्या-माझ्या घरामागची बाग आता त्यांच्या उरल्यासुरल्या आसऱ्यांपैकी एक आहे.

आणि हो, सगळ्यांना वाचवायचा हट्ट कुणी धरत नाही. कणा मोडलेल्या, वेदना थांबणारच नाहीत अशा प्राण्याला व्हेट शांतपणे झोपवतात. कुंपणाखाली तीन दिवस तडफडत मरण्यापेक्षा ते कितीतरी दयेचं आहे.

शेवटचा दावा, ‘सोडले तरी जगत नाहीत’. हे वाक्य एकदा सरकारी धोरण झालं होतं, म्हणून त्याला सविस्तर उत्तर देते. स्कॉटलंडच्या पश्चिमेला साउथ युइस्ट बेट आहे. तिथे मुळात हेजहॉग नव्हते. १९७४ मध्ये बागेतल्या गोगलगायी खायला म्हणून काही आणून सोडले गेले, ते वाढले आणि जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांची अंडी खाऊ लागले. पक्ष्यांचं नुकसान खरं होतं. २००३ मध्ये स्कॉटिश नॅचरल हेरिटेज या सरकारी संस्थेने हेजहॉग पकडून इंजेक्शनने मारायला सुरुवात केली. मुख्य भूमीवर नेऊन सोडले तर ते हाल होऊन मरतील, त्यापेक्षा हे बरं, असं कारण दिलं गेलं. प्राणिप्रेमी संस्थांनी एकत्र येऊन मारेकऱ्यांच्या आधी हेजहॉग गोळा करून मुख्य भूमीवर न्यायला सुरुवात केली. ह्यू वॉरविक या अभ्यासकाने आणि सहकाऱ्यांनी हलवलेल्या हेजहॉगना रेडिओ ट्रान्समीटर लावून रात्रीमागून रात्री त्यांचा माग काढला. मृत्यू झाले, पण सगळे मरतील हे भाकीत खोटं ठरलं. २००७ मध्ये कत्तल थांबली आणि स्थलांतराचं धोरण आलं.

ते हेजहॉग आजारी नव्हते, असं कुणी म्हणेल. बरोबर आहे. पण २००६ च्या एका अभ्यासात थेट उचलून नव्या जागी सोडलेल्यांपेक्षा काही काळ माणसांच्या देखरेखीत राहून सुटलेले हेजहॉग जास्त टिकले. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात रेस्क्यूतून बरे होऊन हिवाळ्यात सोडलेले हेजहॉग आणि तिथलेच जंगली हेजहॉग यांची तुलना झाली, आणि दोघांचं जगणं सारखंच निघालं. आमच्याकडे काही पहिल्याच रात्री जातात, हे मी लपवत नाही. ते जातात कारण उशिरा येतात.

तर दिसला तर करायचं काय? हातमोजे किंवा जाड टॉवेल घेऊन उचला. उंच कडांच्या खोक्यात ठेवा, तळाशी जुना टॉवेल किंवा वर्तमानपत्र. गरम पाण्याची पिशवी कापडात गुंडाळून एका बाजूला ठेवा, नको झालं तर त्याला दूर सरकता यायला हवं, आणि पाणी निवलं की पुन्हा भरा. खोकं शांत, अंधाऱ्या खोलीत ठेवा, मुलांना दाखवायला बाहेर काढू नका. गार पडलेल्याला खायला देऊ नका, आधी ऊब. अंघोळ घालू नका. मग लगेच रेस्क्यूला किंवा व्हेटला फोन करा. सापडल्याची नेमकी जागा लिहून ठेवा: कुठला रस्ता, कुठलं कुंपण, झुडपाखाली की फाटकापाशी. बरा झाल्यावर शक्य असेल तर त्याला तिथेच सोडायचं असतं, आणि तो पत्ता फक्त तुमच्याकडे असतो.