इंटरफेज म्हणजे पेशीची सुट्टी नाही!
दहावीच्या नोट्सचा एक फोटो सगळीकडे फिरतोय, त्यात लिहिलंय की इंटरफेज, म्हणजे दोन विभाजनांच्या मधला काळ, ही पेशीची विश्रांती आणि खरं काम पूर्वावस्थेपासून, म्हणजे विभाजनाच्या पहिल्या टप्प्यापासून. मुलांनो, हे पाठ करू नका, चक्क उलटं आहे. माणसाच्या पेशीचं चक्र साधारण 24 तासांचं धरलं तर सूत्री विभाजनाला, म्हणजे एका पेशीच्या दोन सारख्या पेशी व्हायला, जेमतेम तासभर लागतो, बाकी सगळा वेळ इंटरफेजच, आणि त्यातच पेशी वाढते, प्रथिनं बनवते, डीएनएची अख्खी दुसरी प्रत काढते, ती नसेल तर दोन्ही नव्या पेशींना 46-46 गुणसूत्रं मिळणार कुठून? कांद्याच्या मुळाच्या टोकाची स्लाईड बघा, बहुतेक पेशींत नुसतं गोल केंद्रक दिसतं, म्हणजे त्या इंटरफेजमध्येच आहेत; विभाजन चालू असल्याची खूण असलेले गुणसूत्रांचे धागे मोजक्याच पेशींत. शिकवणाऱ्यांनीसुद्धा प्लीज ती ‘विश्रांती’वाली ओळ नोट्समधून काढा.