घरच्या इन्व्हर्टरची बॅटरी कॅम्पर व्हॅनला चालते का? फिरणाऱ्या मेसेजचा प्रतिवाद

टेम्पो ट्रॅव्हलरसारखी गाडी घेऊन तिचं फिरतं घर करणाऱ्यांमध्ये एक मेसेज सतत फिरत असतो. त्याचा मथितार्थ असा: लिथियमच्या नादी लागू नका, ती पेटते. घरच्या इन्व्हर्टरची दीडशे एएचची (अँपिअर-तासांची) ट्युब्युलर, म्हणजे पाणी भरावी लागणारी लेड-अॅसिड बॅटरी घ्या. बारा गुणिले दीडशे म्हणजे १८०० वॉट-तास, दोन दिवस आरामात निघतात. डायनामोपासून वायर ओढा, मध्ये रिले (आपोआप जोडणारा-तोडणारा स्विच) टाका, मुंबईहून महाबळेश्वरला पोहोचेपर्यंत बॅटरी फुल. टपावर २०० वॉटचं पॅनल टाकलं की प्लग शोधत फिरायची गरजच नाही.

यातलं एकेक वाक्य वरवर पटतं, म्हणूनच लोक त्यावर विसंबून गाड्या बांधतात. ट्युब्युलर बॅटरी वाईट नाही. घरात एका कोपऱ्यात उभी राहून आठवड्यातून दोनदा लाइट गेल्यावर काम करायला ती उत्तमच आहे. पण कॅम्परमध्ये बॅटरीतून किती निघतं यापेक्षा तिच्यात परत किती आणि किती वेळात भरता येतं, हा प्रश्न मोठा असतो. मेसेज चुकतो तो मुख्यतः तिथे.

‘दीडशे एएच म्हणजे १८०० वॉट-तास’

स्टिकरवरचे दीडशे एएच बहुतेक वेळा सी-२० दराचे असतात. म्हणजे साडेसात अँपिअरचा भार वीस तास, तेही साधारण २७ अंशांना आणि व्होल्टेज १०.५ वर येईपर्यंत. रोज इतकी उपसली तर कोणतीही लेड-अॅसिड बॅटरी लवकर संपते, म्हणून हिशेब निम्म्याचाच धरायचा: ७५ एएच. ‘सोलर’ म्हणून विकल्या जाणाऱ्या ट्युब्युलरवर सी-१०, म्हणजे दहा तासांचा दर, लिहिलेला असतो. तिच्यात त्याच आकड्याला थोडी जास्त वीज मिळते, म्हणून दुकानात आकड्याच्या शेजारचं हे अक्षर आधी वाचा.

भार मोठा असेल तर आणखी घट होते. हजार वॉटचा इन्व्हर्टर पूर्ण भारावर बारा व्होल्टमधून नव्वदच्या वर अँपिअर ओढतो. एवढ्या वेगाने उपसली तर दीडशेच्या ट्युब्युलरमधून जेमतेम निम्मे एएच बाहेर येतात. मिक्सर पाच मिनिटं फिरवला तर बिघडत नाही, पण इंडक्शनवर भात-आमटीची सवय असेल तर ही बॅटरी पुरणार नाही.

दोघांच्या साध्या वापराचा हिशेब मांडू. कॉम्प्रेसरवाला चाळीस-पन्नास लिटरचा बारा व्होल्टचा फ्रिज उन्हाळ्यात दिवसाला ३५ ते ४० एएच खातो. पंखा रात्रभर १२, एलईडी दिवे ६, दोन फोन आणि एक लॅपटॉप ८ ते ९, पाण्याचा पंप दीड-दोन. बेरीज सत्तरच्या आसपास येते. म्हणजे ‘दोन दिवस आरामात’ निघणारी बॅटरी चोवीस तासांत निम्म्यावर येते. एसी या हिशेबात धरलेलाच नाही. एक टनाचा एसी रात्रभर चालवायला पाच-सहा हजार वॉट-तास लागतात, तो विषय एका बॅटरीचा नाहीच.

‘रिले टाका, पोहोचेपर्यंत फुल’

सगळ्यात जास्त नुकसान या वाक्याने होतं.

पहिली गोष्ट रसायनाची. ट्युब्युलरला तिच्या एएचच्या दहा ते पंधरा टक्के करंटने चार्ज करतात, म्हणजे दीडशेला १५ ते २२ अँपिअर. निम्म्यावर आलेली बॅटरी ऐंशी टक्क्यांपर्यंत यायला अडीच-तीन तास लागतात. पुढचे वीस टक्के त्याच वेगाने भरत नाहीत. व्होल्टेज १४.४ ला पोहोचलं की बॅटरी स्वतःच करंट कमी कमी घेते आणि हा शेवटचा टप्पा चार ते सहा तास खातो. डायनामो शंभर अँपिअरचा असो की दोनशेचा, या टप्प्यात फरक पडत नाही. मुंबई ते महाबळेश्वर पाच-सहा तासांत सगळं जमून आलं तरी बॅटरी नव्वद टक्क्यांच्या आत-बाहेर राहते. दुसऱ्या दिवशी गाडी उभी, तिसऱ्या दिवशी तासाभराचा प्रवास, अशी ती कधीच पूर्ण भरत नाही. अर्धवट भरलेल्या लेड-अॅसिडच्या प्लेटांवर सल्फेट कडक होत जातं आणि तेवढी क्षमता कायमची जाते. कॅम्परमधल्या बहुतेक ट्युब्युलर याच कारणाने मरतात. दोष मात्र कंपनीला दिला जातो.

दुसरी गोष्ट वायरची. वायरमन हाताशी असलेली घरगुती ४ स्क्वेअर एमएमची वायर टाकतो. बोनेटपासून मागच्या बाकापर्यंत पाच मीटर धरा, जाऊन-येऊन दहा. या वायरला मीटरमागे सुमारे ५ मिलिओहम रोध असतो. ४० अँपिअर वाहिले की दोन व्होल्ट वाटेतच गळतात. शिवाय वायर तापते, ते वेगळंच. तीच लांबी १६ स्क्वेअर एमएमच्या तांब्याने केली तर जेमतेम अर्धा व्होल्ट पडतो. डायनामो १४.२ देत असेल आणि बॅटरीच्या टोकाला १३.२ पोहोचत असतील, तर ती बॅटरी जन्मभर गाडी चालवली तरी फुल होणार नाही.

तिसरी गोष्ट डायनामोची. त्यावर लिहिलेले अँपिअर थंड अवस्थेत आणि चढ्या आरपीएमला मिळतात. न्यूट्रलला इंजिन चालू ठेवून चार्ज करू म्हटलं, तर मिळतं त्याच्या निम्मं किंवा कमी, आणि त्याचा पंखाही हळू फिरत असल्याने तो तापतो. अनेक नव्या गाड्यांत तर ईसीयू, म्हणजे इंजिनचा संगणक, डायनामोचं व्होल्टेज मुद्दाम खाली आणतो, डिझेल वाचवायला. आपली गाडी यातली आहे का, ते ओळखायला वीस-तीस मिनिटं चालवून इंजिन चालू असतानाच मूळ बॅटरीच्या टोकांवर मल्टीमीटर लावा. काटा १४ ते १४.४ वर स्थिर असेल तर डायनामो जुन्या पद्धतीचा. १३ च्या खाली-वर घोटाळून अॅक्सिलरेटर सोडल्यावर एकदम १४.५ च्या वर जात असेल, तर व्होल्टेज पाहून चालणारा रिले तिथे निरुपयोगी आहे. असे रिले साधारण १३.३ ला जोडतात आणि १२.८ ला सुटतात. अशा गाडीत ते दिवसभर टिकटिकत राहतील किंवा जोडणारच नाहीत.

आणि हाच रिले लिथियमबरोबर उलटा त्रास देतो. भरलेली लिथियम फॉस्फेट बॅटरी नुसती पडून असली तरी १३.३ व्होल्ट दाखवते. रिलेला वाटतं इंजिन चालू आहे. तो सुटतच नाही, आणि रात्रभर इंजिनची बॅटरी फ्रिज-पंख्याच्या भाराला जोडलेली राहते.

उपाय एकच: मध्ये डीसी-टू-डीसी चार्जर. तो डायनामोकडून जे मिळेल ते घेऊन मागच्या बॅटरीला हवं ते व्होल्टेज देतो, करंट बांधून ठेवतो, इग्निशनची वायर जोडली की इंजिन बंद झाल्यावर थांबतो. ट्युब्युलर किंवा एजीएमला (पाणी न लागणारी बंद लेड-अॅसिड) २० अँपिअरचा पुरतो, शंभर एएचच्या लिथियमला ३० चा. ३० अँपिअरचा चार्जर डायनामोकडून ३८ ते ४० अँपिअर ओढतो, त्यामुळे वायर १६ स्क्वेअर एमएमची आणि दोन्ही बॅटऱ्यांच्या टोकाला ६० अँपिअरचा फ्यूज, बॅटरीपासून वीतभराच्या आत. फ्यूज दोन्हीकडे हवा, कारण त्या वायरला दोन्ही टोकांनी वीज मिळते.

‘लिथियम पेटते’

ही भीती खोटी नाही, चुकीच्या जागी आहे. २०२२ मध्ये ई-स्कूटर पेटल्याचे व्हिडिओ सगळ्यांनी पाहिले, त्यातला एक पुण्याचाच होता. अशा स्कूटरमध्ये तेव्हा मुख्यतः निकेल-मँगनीज-कोबाल्टचे, म्हणजे एनएमसी सेल असायचे. कॅम्परसाठी घ्यायची बॅटरी लिथियम आयर्न फॉस्फेटची, बाजारात जिला एलएफपी म्हणतात. तिचा सेल बराच जास्त तापल्याशिवाय बिथरत नाही, आणि बिथरला तरी उष्णता कमी सोडतो. पूर्ण निर्धोक कोणतीच बॅटरी नसते. एलएफपी जास्त तापली तर तिच्यातूनही ज्वलनशील वायू निघतो. पण ट्युब्युलर चार्ज होताना रोज हायड्रोजन सोडते, आणि हवेत त्याचं प्रमाण चार टक्के झालं की ठिणगी पुरते. झोपायच्या बाकाखाली, बंद कप्प्यात, शेजारी रिले: ही मांडणी करून लिथियमला घाबरणं बरोबर नाही.

एक सावधगिरी विक्रेत्याबद्दल. ‘एआयएस-१५६ पास’ हे ऐकून भारावू नका. तो नियम विजेवर धावणाऱ्या दुचाकी-तिचाकींच्या बॅटरीसाठी आहे. तुमच्या बाकाखालच्या बॅटरीबद्दल विचारायचं ते वेगळं: सेल कोणते, बीएमएस (बॅटरीच्या आतलं संरक्षक सर्किट) सतत किती अँपिअर सोसतो, शून्याखाली चार्जिंग तोडतो का.

व्हॅनमध्ये आग लागते ती बहुधा जोडणीपाशी. इन्व्हर्टरच्या वायरचा लग (टोकाची धातूची कडी) पक्कडीने दाबलेला असतो, घाटात हादरे खाऊन नट अर्धा फेरा सैल होतो, आणि त्या सांध्याचा रोध पाच मिलिओहम होतो. नव्वद अँपिअर वाहताना तिथे चाळीस वॉट उष्णता तयार होते, म्हणजे सोल्डरिंग गन नटाला टेकवून ठेवल्यासारखंच. प्लास्टिकचं झाकण आधी पिवळं पडतं, मग वाकतं. त्याच वेळी लक्ष गेलं नाही तर पुढचं टळत नाही. लग हायड्रॉलिक क्रिंपरने दाबून घ्या, नट कंपनीने दिलेल्या टॉर्कला आवळा, पहिल्या पाचशे किलोमीटरनंतर पुन्हा तपासा.

लिथियमचे खरे दोष मेसेजमध्ये आलेलेच नाहीत. शून्य अंशाखाली तिला चार्ज केलं की आत लिथियम धातूचा थर बसतो आणि सेल खराब होतो. महाबळेश्वरला याची चिंता नाही, पण हिवाळ्यात स्पितीला जाणार असाल तर हीटरवालीच घ्या. दुसरं, बीएमएसने मध्येच संबंध तोडला आणि बॅटरी थेट डायनामोला जोडलेली असेल, तर व्होल्टेजची उसळी येऊन डायनामोचे डायोड जळू शकतात, हेही डीसी-टू-डीसी लावायचं एक कारण. तिसरं, विदर्भातल्या मे महिन्यात बंद गाडीत ५५ अंश सहज होतात आणि बीएमएस चार्जिंग नाकारतो. बॅटरी खाली, बसायच्या भागात ठेवा. बोनेटखाली किंवा टपाच्या कप्प्यात नको.

‘स्वस्त पडते’

खरेदीच्या दिवशी पडते, हे खरं. पण शंभर एएचच्या एलएफपीतून ऐंशी ते नव्वद एएच रोज वापरता येतात, वजन दहा ते तेरा किलो, आणि असे दोन हजारांहून जास्त फेरे ती देते. दीडशेच्या ट्युब्युलरमधून ७५ एएच, वजन पन्नास-साठ किलो. महिन्यातून एकदा शनिवार-रविवार, तोही प्लग मिळणाऱ्या ठिकाणी, एवढाच वापर असेल तर लेड-अॅसिड जरूर घ्या, पण बंद एजीएम घ्या. अॅसिड सांडण्याचा आणि पाणी भरण्याचा प्रश्न तिथे नाही.

‘पॅनल टाकलं की प्लग नको’

टपावर आडवं टाकलेलं २०० वॉटचं पॅनल मार्च-एप्रिलच्या स्वच्छ उन्हात दिवसाला सहाशे-साडेसहाशे वॉट-तास देतं, म्हणजे पन्नासेक एएच. आपला खर्च सत्तर. जुलैत कोकणात यातलं तिसरा-चौथा हिस्सा मिळाला तरी खूप. शिवाय उन्हाळ्यात गाडी आपण झाडाखालीच लावतो. पॅनल हवंच, पण पूरक म्हणून.

आणि प्लगची एवढी धास्ती कशाला? ३० अँपिअरचा बॅटरी चार्जर २३० व्होल्टवर जेमतेम दोन अँपिअर ओढतो. ढाब्यावरच्या किंवा होमस्टेच्या साध्या प्लगवर तो चालतो, एमसीबी पडत नाही. गावात रात्री व्होल्टेज १७० पर्यंत उतरतं, म्हणून त्या रेंजमध्ये चालणारा चार्जर बघून घ्या. एक्स्टेंशन तीन तारांची, आणि गाडीत शिरताच ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (वीज गळताच तोडणारा स्विच). एलएफपीसाठी चार्जर १४.२ ते १४.४ व्होल्टवर ठेवा, फ्लोट (भरल्यावर टिकवायचं व्होल्टेज) १३.५. घरच्या इन्व्हर्टरच्या ‘ट्युब्युलर’ सेटिंगवर तिला चार्ज करू नका.

आधीच ट्युब्युलर बसवली असेल तर

फेकायची गरज नाही. तिला झाकणवाल्या डब्यात ठेवा, झाकणाच्या सगळ्यात वरच्या जागेतून नळी गाडीबाहेर काढा, कारण हायड्रोजन वर चढतो. पट्ट्यांनी जमिनीला बांधा. रिले काढून २० अँपिअरचा डीसी-टू-डीसी लावा. आठवड्यातून एकदा प्लगवर पूर्ण रात्र, दहा-बारा तास, भरा. डिस्टिल्ड वॉटर चार्ज झाल्यावरच घाला, आधी नाही, नाहीतर चार्ज होताना अॅसिड वर येऊन सांडतं. पूर्ण भरल्यावर हायड्रोमीटरवर (अॅसिडची घनता मोजायची नळी) सगळ्या सहा खान्यांत १२४० च्या आसपास आकडा दिसायला हवा. एखादा खाना ३० ने मागे असेल तर तो जायला लागला आहे. चाळीस अंशांच्या उन्हाळ्यात १४.४ चं व्होल्टेज १४.० ला आणा, पंचवीसच्या वरच्या दर अंशाला सुमारे २४ मिलिव्होल्ट या दराने. घरगुती इन्व्हर्टर १०.५ व्होल्टला बंद होतो, तोवर बॅटरी पार रिकामी झालेली असते, म्हणून वेगळा कट-ऑफ लावून तो भारावर असताना ११.८ ला सेट करा.