पहिलीत जाताना मुलांना नेमकं काय वाटतं?

जून आला की आमच्या सिडकोत दप्तरं, वह्या, रेनकोटांच्या खरेदीची झुंबड उडते. ज्याच्यासाठी ही धावपळ, त्या सहा वर्षांच्या जिवाला "तुला कसं वाटतंय रे?" हे विचारायचं मात्र राहून जातं.

मी बालवाडीत शिकवते. एप्रिलमध्ये मोठ्या गटातल्या मुलांना गोलात बसवून पहिलीबद्दल बोलतं करते. आपल्याला वाटतं, पोरांना अभ्यासाचं टेन्शन असेल. त्यांचे प्रश्न वेगळेच असतात. शू लागली तर कोणाला सांगायचं? डब्याचं झाकण कोण उघडून देणार? मोठी मुलं ढकलतात का? एकीने विचारलं, "ताई, तू पण येणार ना पहिलीत?" मी नाही म्हटल्यावर तिने माझ्या ओढणीचं टोक मुठीत धरलं, ते शाळा सुटेपर्यंत सोडलं नाही. आनंदही असतो बरं का! नव्या दप्तराचं कौतुक सांगणारं मूलच घरी गेल्यावर "मला भरव" म्हणून हट्ट धरतं. त्याला रागावू नका. आणि "तिथल्या बाई मारतात हं" हा धाक तर कृपा करून घालूच नका.

2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने 3 ते 8 वर्षं हा एकच पायाभूत टप्पा मानलाय, म्हणजे बालवाडी आणि पहिली-दुसरी एकत्र. पहिलीच्या सुरुवातीला तीन महिने खेळातून तयारी करून घेणारा 'विद्याप्रवेश' कार्यक्रमही आहे. तरी कित्येक वर्गांत पहिल्याच आठवड्यात फळ्यावरचं उतरवून घेणं सुरू होतं. का? तर "आज वहीत काहीच नाही?" असं आपण पालकच विचारतो. बालशिक्षणात आयुष्य घालवलेल्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी पालघर जिल्ह्यातल्या कोसबाडला शाळाच मुलांच्या अंगणात नेली होती. आपण निदान पहिलीचा उंबरा थोडा खाली आणू शकतो.

मे महिन्यात मुलाला नवी शाळा दाखवून आणा. वर्ग नंतर, आधी स्वच्छतागृह आणि पाण्याचा नळ. नळ त्यालाच सोडू द्या. डबा घरी रोज त्याच्याच हाताने उघडू द्या. आणि पहिलीच्या बाईंना माझी विनंती आहे, एप्रिलमधली एक सकाळ आमच्या बालवाडीत येऊन बसा. मुलांना तुमचा चेहरा ओळखीचा होईल, आणि कोणाला शू सांगायची लाज वाटते, हे मी तुम्हाला तिथेच सांगेन.