बारा सरदार आणि एक ताट

१ जानेवारीच्या भरात माणूस काहीही ठरवतो. मी ठरवलं, की या वर्षी घरातल्या सगळ्यांनी मिळून रोजच्या उपासनेत अख्खं बायबल वाचून काढायचं. पुस्तकं ६६, अध्याय १,१८९. भागाकार मीच केला: रोज सव्वातीन अध्याय. तो पाव अध्याय नेमका कुठे तोडायचा, हे चर्चच्या पाळकसाहेबांना विचारायचा धीर मला आजतागायत झालेला नाही.

उत्पत्ती या पहिल्या पुस्तकात मजा आली. भावाभावांची भांडणं, म्हाताऱ्या बापाची फसवणूक, एकाच मुलाला शिवलेला झगा. आपल्याच घरातलं कुणीतरी लिहून ठेवलंय असं वाटायचं. निर्गम या दुसऱ्या पुस्तकात समुद्र दुभंगला तेव्हा धाकटा सोफ्यावर उभा राहून ऐकत होता. पुढे निवासमंडपाची, म्हणजे देवाच्या तंबूची, मापं सुरू झाली आणि तो त्याच सोफ्यावर आडवा झाला. पौलाचं प्रवचन लांबलं म्हणून युतुख नावाचा तरुण खिडकीत पेंगला आणि तिसऱ्या मजल्यावरून खाली पडला, अशी गोष्ट 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकात आहे. आमचा युतुख फक्त सोफ्यावरून पडतो, तेवढीच प्रभूची कृपा. लेवीय या तिसऱ्या पुस्तकाच्या तेराव्या अध्यायात त्वचारोगाची सविस्तर वर्णनं आली तेव्हा बायकोने उपासना जेवणाआधीची जेवणानंतर केली. त्यामुळे प्रश्न सुटला असं म्हणवत नाही.

आणि मग गणना हे चौथं पुस्तक, अध्याय सातवा. हिशेबाप्रमाणे तो ७ फेब्रुवारीला यायला हवा होता. आम्ही पोचलो मे महिन्यात.

ज्यांनी तो मोठ्याने वाचलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो. वचनं ८९. इस्राएलाच्या बारा वंशांचे बारा सरदार बारा दिवस, रोज एक याप्रमाणे, अर्पण घेऊन येतात. पहिला येतो यहूदाचा. १३० शेकेल (तेव्हाचं वजनाचं माप) वजनाचं चांदीचं ताट, ७० शेकेलचा चांदीचा कटोरा, दोन्हींत तेलात मळलेलं पीठ, १० शेकेलचं सोन्याचं धूपपात्र, मग गोऱ्हा, मेंढा, कोकरू, बोकड अशी यादी. दुसऱ्या दिवशी इस्साखारचा सरदार येतो. तोही १३० शेकेलचंच ताट आणतो. तिसराही तेच. प्रत्येकाची सहा-सहा वचनं, बदल फक्त नावात आणि दिवसात. लग्नातली आहेराची वही कुणीतरी माइकवर वाचतंय आणि बाराही पाहुण्यांनी एकाच दुकानातून खरेदी केलीय, असा प्रकार.

चौथ्या, रऊबेनच्या सरदारापर्यंत मी प्रामाणिक होतो. शिमोननंतर आईकडे पाहिलं. तिचे डोळे मिटलेले. मी अलगद दोन पानं एकदम उलटली आणि भरल्या आवाजात बन्यामीनवर आलो.

"बाबा, गाद राहिला," धाकटा म्हणाला. हा मुलगा एरवी तिसऱ्या वचनाला झोपतो.

"एफ्राइम आणि मनश्शेपण," आई डोळे न उघडता म्हणाली. "वचन गाळायचं नसतं. त्या माणसांनी आणलं होतं ना? मग नाव नको घ्यायला?"

मी मुकाट्याने गादकडे परत गेलो. दान वंशाच्या सरदारापर्यंत येता येता घसा बसला, म्हणून पुस्तक थोरलीकडे सरकवलं. वय वर्षे सोळा. तिने ते घेतलं, मांडीवर ठेवलं आणि शांतपणे म्हणाली, "मला नाही वाचायचं. मला खरंच माहीत नाही हे सगळं खरं आहे का. प्रार्थनेला मी नुसते डोळे मिटते."

पंख्याचा आवाज एवढा मोठा आहे हे मला त्या रात्री कळलं. बायकोने माझ्याकडे पाहिलं. घरातला नळ गळायला लागला की ती जशी पाहते, अगदी तसं.

अशा वेळी बापाने काय बोलावं याची तयारी मी तिच्या बाप्तिस्म्यापासून करतोय. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या शेवटच्या अध्यायात, मरणातून पुन्हा उठलेला प्रभू येशू समोर उभा असतानाही काहींना संशय वाटला, हे मला पाठ आहे. मार्काच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात आजारी मुलाचा बाप एका दमात सांगतो, की माझा विश्वास आहे आणि माझा अविश्वास घालवा. तो बाप मला पेत्र-पौलांपेक्षा जवळचा वाटतो, कारण त्याच्याही घरी कटकट होती. पण यातलं एकही ऐनवेळी तोंडातून निघालं नाही. मी म्हणालो, "परीक्षा झाली की बोलू."

यावर देवदूतही हसले असतील.

खरं सांगायचं तर डोळे मीही नुसतेच मिटतो. आत गेलं की कर्जाचा हप्ता दिसतो. खाली गाडीला कुलूप लावलंय का, याचं चिंतन होतं. किल्ल्या हरवल्या की मात्र माझा विश्वास डोंगर हलवण्याइतका वाढतो आणि त्या पँटच्याच खिशात सापडल्या की मोहरीच्या दाण्याएवढासुद्धा उरत नाही. बाबांच्या आजारपणात रोज रात्री केलेल्या प्रार्थनेचं काय झालं, हा प्रश्न मी गेली सहा वर्षं फडताळाच्या मागच्या खणात ठेवलाय. आईने तो कधी उघडून पाहिला असेल का, विचारायचं धाडस नाही.

"मग मी उद्यापासून बसले नाही तर चालेल?" थोरलीने विचारलं. विचारलं मला, उत्तर आईने दिलं.

"थोमा आठ दिवस कुठे होता?"

"कुठे म्हणजे?"

"येशूचाच शिष्य तो. बाकीचे शिष्य म्हणाले, उठलेल्या प्रभूला आम्ही पाहिलं. हा म्हणाला, खिळ्यांच्या खुणांत बोट घातल्याशिवाय मानणार नाही. पुढे आठ दिवसांनी प्रभू आला, तेव्हा दारं बंद होती आणि थोमा आतच होता, त्यांच्यातच. त्याला कुणी बाहेर नाही काढलं, आणि तोही रुसून गेला नाही. जेवायलाही तिथेच बसत असेल." आईने पाय वर घेतले. "तू मान, नको मानूस. तुझी खुर्ची तीच."

"आणि आठ दिवसांत नाही पटलं तर?"

"माझे अजून चालूच आहेत," आई म्हणाली.

मी आईकडे बघत राहिलो. तिने पुन्हा डोळे मिटले होते. आज प्रथमच मला वाटलं, की आत काय चाललंय ते विचारायला हवं होतं.

मी पुस्तक मिटायला घेतलं. "अजून दोन सरदार आहेत," धाकटा म्हणाला. त्याला आता सामना पूर्ण झालेला हवा होता. आशेर मी उरकला. नफतालीच्या वेळी आवाज पुरता गेला.

थोरलीने सुस्कारा सोडला. मांडी घातली, छताकडे पाहिलं आणि पुस्तक न उघडता, बसच्या कंडक्टरसारखी एका सुरात सुरू झाली: "बाराव्या दिवशी नफतालीचा सरदार. चांदीचं एक ताट, वजन १३० शेकेल. चांदीचा एक कटोरा, ७० शेकेल. दोन्हींत पीठ..."

"तेलात मळलेलं," आईने दुरुस्ती केली.

"तेलात मळलेलं," थोरली म्हणाली, आणि पुढे गेली.