ताई, तो कचरा नव्हता

नमस्कार ताई. तुमचं कुत्रं ब्रुनो आमच्याकडं सांभाळायला ठेवलं होतं, त्याबद्दलचा तुमचा रिव्ह्यू परवा रात्री वाचला, मुलीनं मोबाईलवर दाखवला. तुम्हाला त्रास झाला त्याबद्दल पहिले सॉरी म्हणतो, मनापासून. ब्रुनोचे पाय मातीनं भरलेले होते, तसाच तो गाडीत चढला आणि तुमची सीट खराब झाली. ही आमची चूक आहे, मान्य. पाय पुसून द्यायला पाहिजे होते, नाही दिले.

पण तुम्ही लिहिलं की "कुत्र्याला ताटली सोडून कचऱ्यात जेवायला देतात, फाटकी पोती, पुठ्ठे, जुने टायर, आणि याचे दिवसाला 350 रुपये घेतात", ते वाचून मला रात्रभर झोप नाही आली. बायकोला मी सांगितलंच नव्हतं, सकाळी तिनं स्वतःच वाचलं आणि चुलीपुढून उठून गेली. हे सगळे लोक वाचून राहिले म्हणून जरा मोठं लिहितो, राग मानू नका.

ते पोतं कचऱ्यातलं नाही जी. मार्केट यार्डातून चांगला बारदाना निवडून विकत आणतो, धुतो, दोन दिवस कडक उन्हात वाळवतो, लोंबणारे धागे कापतो कारण धागा पोटात गेला तर आतडं अडकते. खताचं पोतं नाही की फवारणीच्या औषधाजवळ ठेवलेलं नाही, मी कापसाचा शेतकरी आहे, ते औषध काय करते हे मला कोणी सांगायची गरज नाही. पुठ्ठ्याचे डबे किराणा दुकानातून येतात, त्याची टेप अन् पिना माझी बायको रोज संध्याकाळी बसून एक-एक काढते. तुम्हाला दिसलं ते फाटलेलं पोतं, पण ते ब्रुनोनंच फाडलं होतं आणि फाडायसाठीच दिलं होतं.

आता काऊन दिलं ते सांगतो. कुत्रं घर सोडून नव्या जागी आलं की त्याला दिवसभर करायला काहीच नसते. जाळीच्या आत फक्त जेवण आणि झोप असली तर दोन-तीन दिवसांत ते येरझारा घालते, भुंकत राहते, स्वतःचे पाय चाटून चाटून लाल करून घेते. भटक्या कुत्र्यांसाठी आमचं शेल्टर आहे, तिथं मी हे डोळ्यानं पाहिलं, सुरुवातीची दोन वर्षं आम्हालाही काही कळत नव्हतं, वेळेवर वाट्या भरल्या की झालं असं वाटायचं. मग एका जनावरांच्या डॉक्टरनं समजावून सांगितलं की याला एनरिचमेंट म्हणतात, म्हणजे जनावराला त्याच्या स्वभावाचं काम द्यायचं, हुंगायचं, उकरायचं, फाडायचं, शोधून खायचं. प्राणीसंग्रहालयात वाघ-अस्वलांना पण खाणं लपवून देतात ते याच्यासाठीच. माणसाच्या नाकात वासाच्या पेशी पन्नास-साठ लाख असतात आणि लॅब्राडॉरच्या नाकात 20 कोटींच्या वर. एवढं नाक घेऊन आलेल्या कुत्र्याला चार दिवस फक्त वाटी पुढं सरकवायची तर त्या नाकाचं त्यानं काय करायचं?

ब्रुनोचंच सांगतो. पहिल्या दिवशी तो गेटकडं तोंड करून पडून होता, तुमची गाडी गेली त्या दिशेला. तुम्ही दिलेल्या स्टीलच्या वाटीतच जेवण दिलं होतं ताई, तुमचीच वाटी, त्याला मुंग्या लागल्या पण त्यानं तोंड लावलं नाही. रात्री दोनदा उठून मी त्याच्याजवळ बसलो. दुसऱ्या दिवशी सकाळी पोळीचे तुकडे आणि उकडलेलं चिकन पोत्याच्या घडीत गुंडाळून ठेवलं. तो पोत्याकडं पाहे आणि मग माझ्याकडं पाहे, उघडून द्या म्हणून. पलीकडच्या जाळीत आमची तीन पायांची कुत्री काळी तिचं पोतं उलटंपालटं करून राहिली होती, तिला पाहून यानं नाक घातलं, फुर्रफुर्र आवाज सुरू झाला आणि शेपटी हलली. पहिल्यांदा हलली. वीस मिनिटं लागली त्याला, मग कडुनिंबाखाली असा घोरत झोपला की मी बायकोला बोलावून दाखवलं. त्या वेळी फोटो काढून तुम्हाला पाठवायला पाहिजे होता. तिथं चुकलो, कामाच्या गडबडीत राहून गेलं.

मातीचं पण तेच आहे. उकरायचा खड्डा आम्ही मुद्दाम केला, मे महिन्यात त्याच्यात पाणी शिंपडून ठेवतो. आमच्याकडं पारा 45 च्या वर जाते, कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, ते धापा टाकूनच थंड होते, म्हणून ओल्या मातीत पोट टेकून पडायला त्याला आवडते. फिरवणं पहाटे साडेपाचला आणि रात्रीच. दुपारी कूलर, आणि कांदा-मीठ न टाकता केलेलं चिकनचं पाणी भांड्यात गोठवून त्याचा गोळा चाटायला देतो. ब्रुनोनं तो गोळा टायरमध्ये ढकलत नेऊन खाल्ला, टायर त्याच्यासाठी असते.

"भटक्या, कान कापलेल्या कुत्र्यांजवळ ठेवलं" असंही लिहिलं तुम्ही. दोन्हीच्या मधात दोन जाळ्या आणि चार फुटांची वाट आहे, एकमेकांना पाहू शकतात, तोंड लावू शकत नाहीत. शेल्टरमध्ये नवीन आलेलं कुत्रं 14 दिवस वेगळ्या टीनाच्या शेडमध्ये राहते, पार्वो-डिस्टेंपर या एकाचे दुसऱ्याला लागणाऱ्या रोगांची भीती असते म्हणून. आणि कान कोणी छळायसाठी कापत नाही ताई. नसबंदी करून रेबीजची लस दिली की भूल असतानाच कानाला छोटी खाच देतात, म्हणजे ते कुत्रं परत पकडून त्याचं परत ऑपरेशन होऊ नये. नियमच तसा आहे, आणि नसबंदी झालेलं कुत्रं जिथून आणलं तिथंच सोडायचं हे पण 2023 च्या नियमात आहे. आमच्याकडं 23 राहतात ती सोडता न येणारी, बहुतेक हायवेवर गाडीखाली आलेली, कोणाला पाय नाही, कोणाला डोळा नाही. तुमच्या 350 मधून पहिले ब्रुनोचा खर्च होते आणि जे उरते ते यांच्या तांदळाला अन् औषधाला जाते. काळीच्या पायाचं ऑपरेशन अशाच पैशातून झालं.

एक गोष्ट मी लिहिणार नव्हतो पण तुम्ही "आम्ही दिलेला खाऊ पण दिला नाही" असं लिहिलं म्हणून लिहितो. त्या लाडवांत मनुका होत्या. मनुका आणि द्राक्षं कुत्र्याच्या किडनीला बाधू शकतात, कोणत्या कुत्र्याला किती खाल्ल्यावर बाधेल हे आधी सांगता येत नाही. म्हणून डबा फ्रीजमध्ये ठेवला आणि जसाच्या तसा परत दिला, तेव्हा सांगितलंही, पण तुम्ही घाईत होता. यायचं ठरलं होतं पाचला, तुम्ही आलात पावणेदहाला. लग्नाहून येताना उशीर होते, मी समजतो, जास्तीचा एक रुपया घेतला नाही. पण पाचला पाय धुऊन अंग पुसून तयार ठेवलेलं कुत्रं पावणेदहापर्यंत परत खड्ड्यात जाते हो.

आमच्याकडून आता हे करू: सोडायला येणाऱ्याला पहिलेच सगळं फिरून दाखवू, एक बोर्ड पण लावायचा विचार आहे, फोटो रोज पाठवायचा प्रयत्न करू, नेटवर्क असलं तर. पाय पुसायला गेटजवळ टॉवेल ठेवलाच आहे.

तुमच्या रिव्ह्यूनंतर जूनच्या दोन बुकिंग कॅन्सल झाल्या. स्टार वाढवा असं मी म्हणत नाही, सीटचं, फोटोचं जे लिहिलं ते राहू द्या, खरं आहे ते. फक्त "कचरा" हा एक शब्द काढता आला तर पाहा. ज्या बाईनं बसून त्या पिना काढल्या तिला तो फार लागला.

ब्रुनोची निळी चादर इथंच राहिली. धुऊन ठेवली आहे, नागपूरला येणारं कोणी भेटलं की पाठवतो.